दशकाचं घर भरण्याआधी

प्रति,
मा. संचालक आणि गणित विषय समितीचे सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे.



दुसरीतल्या एखाद्या मुलापुढे सोळा चिंचोके ठेवा आणि मोजून आकडा लिहायला सांगा. ते १६ लिहील. मग त्यातल्या ६ खाली रेघ ओढून विचारा, "हे यातले किती, दाखव बरं." ते सहा चिंचोके बाजूला काढेल. आता १ खाली रेघ ओढा आणि तेच विचारा. कितीतरी मुलं एक चिंचोका उचलून दाखवतात. मग मधल्या नऊ चिंचोक्यांचं काय, असं विचारलं की मूल आपल्या तोंडाकडे बघतं, नाहीतर "ते उरले" म्हणून मोकळं होतं. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. कॉन्स्टन्स कामी या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी १९८०च्या दशकात मुलांसमोर अशाच सोळा वस्तू ठेवून हेच पाहिलं होतं आणि त्यावर सविस्तर लिहिलं होतं.

गंमत अशी की याच मुलाच्या वहीत '१६ = १ दशक ६ एकक' हे बिनचूक भरलेलं असतं. दोन घरं आखून दिलेली असतात. डावा अंक डाव्या घरात, उजवा अंक उजव्या घरात. पोस्टमनने पत्ता वाचून पत्र टाकावं तसं मूल अंक टाकत जातं, आत काय लिहिलंय ते त्याने उघडून बघण्याचा प्रश्नच येत नाही. वही तपासली जाते, बरोबरच्या खुणा होतात, आणि आपण सगळे पुढच्या पाठाकडे वळतो. मग तिसरीत हातच्याची वजाबाकी येते आणि तिथे सगळं कोसळतं. त्या वेळी दोष वजाबाकीला दिला जातो.

हे पत्र त्या दोन घरांविषयी आहे. ती घरं पुस्तकात थोडी उशिरा यावीत, आणि त्यांच्या आधी मुलांनी पुष्कळ चित्रं काढावीत, एवढंच माझं मागणं आहे. पण चित्र कसलं, आणि ते कुठे थांबवायचं, हे नीट सांगितलं नाही तर या मागण्याचा विचका होईल, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

२०१९च्या जूनमध्ये आपल्या दुसरीच्या पुस्तकावरून उठलेलं वादळ आपण विसरला नसाल. त्यात सत्तावीस वाचायला 'वीस सात' असंही दिलं होतं. वाहिन्यांवर चर्चा, विधानसभेत टोले, मोबाइलवर विनोदांचा सडा. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर त्या गदारोळात शांतपणे सांगत होत्या की 'सत्तावीस' ऐकताना मुलाच्या कानावर आधी सात पडतात आणि लिहिताना मात्र आधी दोन लिहावा लागतो, तिथे लहान मुलाची ओढाताण होते. नारळीकरबाई २०२३मध्ये गेल्या. त्यांनी दाखवलेली अडचण खरी होती असं माझं मत आहे. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं, आणि एकोणतीसमध्ये तर लिहायचा दोनही ऐकू येत नाही आणि नऊही.

पण त्या वादात पुन्हा शिरायची माझी इच्छा नाही. दोन्ही बाजूंनी तेव्हा एक प्रश्न राहून गेला. 'वीस सात' म्हणणाऱ्या मुलाला तरी वीस म्हणजे दोन दहा दिसतात का? शेरन रॉस यांनी अमेरिकेत अशीच चाचणी २५ काड्या घेऊन केली. इंग्रजीत पंचवीस बोलताना आधी वीसच येतात, मग पाच. तरीही २५मधला २ म्हणजे दोन काड्या असं दाखवणारी मुलं तिथेही निघालीच. तोंडातला क्रम सरळ झाला तरी डोळ्यांपुढे दहाचा जुडगा उभा राहतोच असं नाही. तो उभा करायला हात लागतो.

आता हाताचा विषय निघाला की कलेचं नाव येणारच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने कला-समेकित शिक्षणाला मान्यता दिली, त्याचा मला आनंद आहे. पण त्या नावाखाली गणिताच्या तासाला जे चालतं ते पाहून हसावं की रडावं कळत नाही. सातच्या आकड्याच्या बाह्यरेषेत कापूस चिकटवायचा. पाचच्या पोटात मुगाची डाळ भरायची. आंब्याच्या झाडाला सत्तावीस आंबे काढून रंगवायचे, तेही रांगेत नव्हे, जागा मिळेल तिथे. आणि शेवटी स्थानिक किमतीचा थर्मोकोलचा तक्ता, जो आईने किंवा मोठ्या भावाने रात्री जागून केलेला असतो आणि जो सकाळी वर्गात टांगला की धूळ खायला मोकळा. सातमध्ये कापूस चिकटवणारं मूल कापसाविषयी काहीतरी शिकत असेल. सातविषयी ते काहीही शिकत नाही, कारण त्या जागी आठ असता तरी त्याच्या हाताने तेच केलं असतं.

माझी कसोटी साधी आहे. संख्या बदलली की चित्राची बांधणी बदलली पाहिजे, आणि चित्र चुकलं की संख्या चुकली पाहिजे. या कसोटीला उतरत नाही ती सजावट. सजावटीला माझा विरोध नाही, ती दिवाळीच्या सुट्टीआधी जरूर करावी.

कसोटीला उतरणारं एक चित्र आपल्याकडे तयार आहे. डहाणू-तलासरीच्या बाजूच्या वारली घरांच्या भिंतींवरचं ते चित्र आता कुर्त्यांवर आणि चहाच्या कपांवरही पोचलं आहे. २०११मध्ये पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं आणि जगभर नेलं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचं धड झालं, वर एक गोल, खाली-वर चार रेषा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढाच रंग. सहा वर्षांच्या मुलाला हा माणूस काढता येतो, आणि एकदा जमला की ते थांबत नाही.

आता याच चित्रातला तारपा नाच घ्या. मधे तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून वळत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी. वर्गासाठी एकच नियम करायचा: साखळीत दहा जण, कमी नाही, जास्त नाही. सुटी माणसं पानावर कुठेही उभी राहू शकतात. दहा झाली की त्यांचे हात जोडायचे आणि साखळी करायची. अकरावा बाहेर उभा राहतो, पुढचे नऊ येईपर्यंत. चौतीस म्हणजे तीन साखळ्या आणि चार सुटी माणसं.

इथवर यात नवीन काय, असं आपण म्हणाल. काड्यांचा गठ्ठा तर पूर्वापार आहे. खरं आहे, पण पानावर छापलेल्या गठ्ठ्यात एक खोट आहे. त्यातल्या काड्या मोजता येत नाहीत. वरून रबरबँड दिसतं आणि खाली '१०' असं लिहिलेलं असतं, म्हणून ते दहा. मुलाने ते आपल्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करायचं. शिवाय गठ्ठा दुसऱ्याने बांधलेला. तारप्याच्या साखळीत दहाही माणसं उघड दिसतात आणि तरीही ती साखळी एकच असते. दहा आणि एक, दोन्ही एकाच वेळी. स्थानिक किमतीचं सगळं मर्म या दुहेरी दिसण्यात आहे, आणि ते मुलाने स्वतःच्या पेन्सिलीने हात जोडून निर्माण केलेलं असतं.

बेरीज करून पाहा. सत्तावीस आणि पंधरा. दोन साखळ्या, सात सुटे, मग आणखी एक साखळी आणि पाच सुटे. आता पानावर बारा सुटे आहेत, म्हणजे नियम मोडतोय. मूल न सांगता त्यातल्या दहांचे हात जोडतं. चार साखळ्या, दोन सुटे. हातचा एक म्हणजे काय ते फळ्यावर वेगळं समजवावं लागत नाही, तो डोळ्यांसमोर साखळीत जाऊन उभा राहिलेला असतो. वजाबाकी त्याहून बोलकी. बेचाळीसमधून पंधरा काढायचे. सुटे दोनच आहेत आणि पाच जणांना घरी जायचंय. एका साखळीला हात सोडावे लागतात. खोडरबर घ्यायचं आणि जोडलेले हात पुसायचे. आता सुटे बारा, त्यातले पाच गेले, सात राहिले. एक पूर्ण साखळी गेली, दोन राहिल्या. सत्तावीस. दशक सोडवून एकक करायची जी क्रिया आपण वर्षभर तोंडाने सांगत राहतो, ती खोडरबरने जोडणाऱ्या रेषा पुसण्याइतकी सोपी होते. वर्गात जागा असेल तर आधी मुलांनाच नाचवावं आणि मग चित्र काढायला बसवावं. हात जोडणं आणि सोडणं अंगात गेलेलं असलं की पानावर चूक होत नाही.

एक सावधगिरी मात्र पुस्तकाने बाळगायला हवी. वारली लग्नातला देवचौक हा पूजेचा भाग आहे. पालघट देवीचा तो चौक म्हणजे शंभराची चौकट नव्हे, त्यात ठिपके मोजायला लावू नयेत. नाच सगळ्यांचा असतो, तो घ्यावा.

याच परिसराची आणखी एक आठवण आपल्याला द्यायला हवी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसरी पद्धतीतलं दशमानाचं साधन फार देखणं असतं. सुटा मणी म्हणजे एक, तारेत ओवलेले दहा मणी म्हणजे दशक, अशा दहा तारांचा चौरस म्हणजे शंभर, दहा चौरसांचा घन म्हणजे हजार. पण ते महाग. आदिवासी पाड्यावरच्या बालवाडीला परवडणारं नाही. ताराबाई-अनुताईंनी दगड, बिया, शिंपले, पानं यांच्यावर तेच शिक्षण उभं केलं. आपल्याकडे आज अनेक शाळांत गणित पेटी आहे, तिच्यात दहा-दहाच्या रंगांची मण्यांची माळ असते, हे चांगलंच आहे. पण पेटी कपाटात असते, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते, आणि मणी हरवले तर हिशेब कुणी द्यायचा या धास्तीने ती उघडली जात नाही. हे मी कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. कागद-पेन्सिल हरवली तर कुणी हिशेब मागत नाही, म्हणून चित्र बरं, इतकाच मुद्दा.

शंभराकडे जाताना साखळ्या अपुऱ्या पडतात. दहा साखळ्या काढता काढता मूल दमतं आणि गणित बाजूला राहतं. इथे ठिपक्यांची रांगोळी कामाला येते. आपल्या आया-आज्यांकडे उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असायचा. जमीन गेरूने सारवायची, कागद ठेवायचा, वरून रांगोळीची चिमूट फिरवायची आणि कागद उचलला की ठिपके तयार. बाजारातल्या पुस्तकातल्या बहुतेक रांगोळ्यांत मधली ओळ मोठी आणि दोन्ही बाजूंच्या ओळी घटत गेलेल्या असतात, १५ ते ८ वगैरे. आपल्याला तशी नको. शिक्षकाने दाभणाने दहा ओळी, प्रत्येकीत दहा भोकं, असा एक जाड कागद करून ठेवावा. वर्षभर पुरतो. एकदा हात फिरवला की शंभर ठिपके. मग मुलांना सांगायचं, यात चौतीस वेढून दाखवा. काही दिवस मुलं सुटे ठिपके मोजत बसतात. मग एखादी मुलगी तीन पूर्ण ओळी एका झटक्यात वेढते आणि चौथ्या ओळीतले चार घेते. तिचं बघून पुढच्या आठवड्यात सगळा वर्ग तेच करतो. वेढलेल्या भागात रंग भरला की प्रत्येक संख्येला तिचा स्वतःचा आकार मिळतो. अठ्ठ्याण्णवच्या आकाराला कोपऱ्यात बारीकशी खाच दिसते, आणि शंभराला दोनच कमी हे कुणी सांगावं लागत नाही.

हजारासाठी तोच कागद व्हरांड्यात ओळीने दहा वेळा उमटवायचा. मुलं त्या पट्ट्याच्या कडेने चालत जातात. शेवटाला पोचल्यावर मागे वळून पाहतात, आणि पहिला एकुलता ठिपका कुठे होता ते शोधतात. पुस्तकातल्या तक्त्यात एककाचं घर, दशकाचं घर, शतकाचं घर आणि हजाराचं घर ही सगळी सारख्या रुंदीची असतात. छपाईला ते सोयीचं आहे, पण एका घरातून डावीकडच्या घरात गेलं की किंमत दहापट होते हे त्या सारख्या चौकोनांतून कसं दिसावं? एकदा व्हरांडा पाहिलेल्या मुलाला ते सारखे चौकोन फसवू शकत नाहीत.

इतकं सगळं सांगून झाल्यावर मला माझ्याच बाजूविरुद्ध एक गोष्ट सांगायची आहे, आणि या पत्रातली ती सगळ्यात महत्त्वाची आहे. या चित्रांतून मूल दहाचे गट करायला शिकतं, पण स्थान शिकत नाही. तीन साखळ्या आणि चार सुटी माणसं पानावर कुठेही काढा, सुटी डावीकडे, साखळ्या उजवीकडे, उलट, खाली-वर, चौतीसच राहतात. चित्राला जागेचं काही सोयरसुतक नसतं. तिथे किंमत आकार सांगतो. आकड्यांत मात्र आकार काहीच सांगत नाही, ३ हा ३च दिसतो, मग तो तीन माणसांचा असो की तीनशेंचा. तिथे सगळा भार जागेवर आहे. म्हणजे नुसतं चित्र काढत राहिलो तर मूल आनंदाने, आत्मविश्वासाने, स्थानिक किमतीच्या अलीकडच्या काठावर बसून राहील.

माणसंही त्या काठावर बराच काळ होती, आणि याचा पुरावा आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण सगळे बघतात, फोटो काढतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना, त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या गायी, घोडे आणि नाण्यांच्या संख्या कोरलेल्या आहेत. त्या संख्यांत स्थान नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चारशे. तिथली २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन चिन्हांनी लिहिली आहे. शेवटी दोन शून्यं नाहीत, कारण त्यांची गरजच नाही. जे नाही ते कोरायचं कशाला? आपल्या साखळ्या-माणसांच्या चित्रातही ३०४ काढताना शंभराचे तीन चौरस आणि चार सुटे एवढंच काढलं की झालं. मधे दशक नाहीत हे दाखवायला काही काढावं लागत नाही.

आता ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं चतुर्भुज मंदिर घ्या. तिथला शिलालेख इ.स. ८७६चा. देवाच्या फुलबागेची मापं दिली आहेत, १८७ हात गुणिले २७० हात, आणि रोज ५० हार देण्याची व्यवस्था लिहिली आहे. त्या २७०मध्ये आणि ५०मध्ये शून्य आहे, लहानसं गोल, आपण आज काढतो तसंच. इथे २ ला दोनशे म्हणायला वेगळं चिन्ह लागलेलं नाही. तो उजवीकडून तिसरा आहे, बस्स. आणि तो तिसराच राहावा म्हणून उजवीकडची रिकामी जागा धरून ठेवायला शून्य आलं. नाणेघाट ते ग्वाल्हेर हे जे अंतर माणसाने शेकडो वर्षांत कापलं, ते आपण दुसरीच्या मुलाला जूनच्या एका आठवड्यात कापायला लावतो, आणि वर घरं आखून देतो.

म्हणून चित्राने सुरुवात करावी आणि मग चित्रातून एकेक आधार काढून घ्यावा, असं माझं म्हणणं आहे. पहिल्यांदा नक्षी जाऊ द्यावी. साखळीच्या जागी एक उभी रेघ, माणसाच्या जागी ठिपका, शंभराच्या जागी चौकोन. मुलं हे आपणहूनही करतात, कारण त्यांना पटापट काढायचं असतं, आणि त्यांनी केलेलं लघुरूप आपल्या छापील चिन्हापेक्षा वेगळं असलं तरी चालतं. एका मुलाने साखळीसाठी नुसती वेलांटी काढली होती. वर्गाला ती समजत होती, मग हरकत काय?

त्यानंतर आकार काढून घ्यायचा. इथे मला पेरूच्या इंका लोकांचा किपू फार उपयोगी वाटतो. त्यांच्याकडे लिपी नव्हती, हिशेब दोऱ्यांच्या गाठींनी ठेवायचे. लिलंड लॉक यांनी १९१२मध्ये दाखवलं की त्या गाठी दशमान पद्धतीच्या आहेत. दोरीवर वरच्या टप्प्यात शतकाच्या गाठी, मधल्या टप्प्यात दशकाच्या, खालच्या टप्प्यात एककाच्या. शतकाची आणि दशकाची गाठ दिसायला सारखीच, फरक फक्त ती कुठल्या उंचीवर आहे याचा. आणि दशक नसतील तर मधला टप्पा रिकामा, नुसती दोरी. सुतळीच्या तुकड्यावर ३०४ बांधताना मुलाला पहिल्यांदा एक विचित्र काम करावं लागतं: काहीही न बांधता जागा सोडावी लागते. किती जागा सोडायची यावरून भांडणं होतात. एकाची ३०४ची दोरी दुसऱ्याला ३४ वाटते. त्या भांडणातून खूण हवी अशी मागणी मुलंच करतात, आणि मग शून्याला वर्गात आणावं. तीनशे चार ऐकून ३००४ लिहिणारी मुलं असतात ना, त्यांच्यासाठी या सुतळीइतकं औषध मी दुसरं पाहिलेलं नाही. किपूमध्ये एककाची गाठ बाकीच्यांपेक्षा वेगळी, अनेक वेढ्यांची बांधायचे, म्हणजे संख्या कुठे संपली ते कळावं. तपशील मोठा हुशारीचा आहे, पण दुसरीच्या मुलांना तो न शिकवला तरी चालेल.

सगळ्यात शेवटी घरं. ती आली तरी थोड्या दिवसांनी उभ्या रेषा पुसून टाकायच्या.

रंगाबद्दल एक कळकळीची विनंती. नव्या पुस्तकांत एकक एका रंगात, दशक दुसऱ्या, शतक तिसऱ्या रंगात छापायचा मोह होतो. पान सुंदर दिसतं. पण रंग हा आकारासारखाच आधार आहे, आणि तो काढून घ्यायला आपण विसरतो. लाल म्हणजे दशक हे मुलाने पाठ केलं की त्याला जागेकडे बघायचं कारणच उरत नाही. मग चाचणीच्या काळ्या-पांढऱ्या कागदावर तेच मूल गोंधळतं आणि आपण म्हणतो, वर्गात तर येत होतं. वारली चित्राचा एकच पांढरा रंग मला यासाठीही आवडतो. रंग द्यायचेच तर मुलांना देऊ द्या, हवे तसे, आणि दर वेळी वेगळे.

आता पुस्तकातल्या जागेचं. २०२३-२४मध्ये पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घातली होती आणि २०२५मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मी त्या पानांची बाजू घेत नाही, दप्तर त्यामुळे हलकं झालेलं मला तरी दिसलं नाही. पण कोऱ्या पानासाठी कागद मिळू शकतो हे त्यातून कळलं. गणिताच्या दुसरीच्या पुस्तकात फार नकोत, काही मोजकी पानं अशी द्या ज्यांवर फक्त फिकट ठिपके असतील, दहा बाय दहा, वर सूचना एका ओळीची. आणि काही पूर्ण कोरी, तारप्यासाठी. या पानांना आणखी एक सोय आहे. आपली पुस्तकं मराठीबरोबर उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड अशा अनेक माध्यमांत निघतात. ठिपक्यांच्या पानाचं, ती एक ओळ सोडली तर, भाषांतर करावं लागत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलाची पंचाईत तर वेगळीच असते, ओळ उजवीकडून वाचायची आणि त्याच ओळीतली संख्या डावीकडून. त्याला जागेचा अर्थ आधी हातात मिळाला तर किती बरं होईल.

शिक्षकांसाठीच्या सूचनेत एक वाक्य ठळक असावं: चित्र मुलाने काढायचं, विकत आणलेलं चिकटवायचं नाही, घरून करून आणायचं नाही. हे वाक्य नसेल तर पहिल्याच महिन्यात दुकानात तारप्याच्या साखळ्यांचे तयार स्टिकर मिळू लागतील आणि शाळा ते आणायला सांगतील.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न माझे सहकारी मला विचारतातच. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेला वेगळे शिक्षक नसतात, गणित शिकवणारी बाईच चित्रकला शिकवते. वेळापत्रकात दोन चौकोन वेगळे आहेत, माणूस एकच. ते दोन तास लागून ठेवायला कुणाचीही परवानगी लागू नये, एवढं पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटलंत तरी पुरे. तिसरीत आणि चौथीत हातच्यावर जे तास पुन्हा पुन्हा जातात ते वाचतील तो भाग वेगळाच.

परीक्षेत हे विचारलं गेलं नाही तर वर्गात होणार नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. '४२चं चित्र काढ, त्यातून १५ काढून टाक, काय केलंस ते दिसू दे' असा एखादा प्रश्न घालता येईल. उत्तर तपासायला थोडा जास्त वेळ लागेल, पण मूल कुठे अडलं ते कागदावर दिसेल. '१ दशक ६ एकक' मधून ते कधीच दिसत नाही.

चौथीच्या मुलांसाठी याच्या पुढचं टोकही डहाणूपर्यंतच जातं. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेले द. रा. कापरेकर यांचा जन्म १९०५मध्ये डहाणूचा. सगळे अंक सारखे नाहीत अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४च. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते. अंक तेच, फक्त जागा बदलतात. ज्या मुलाला जागेचा अर्थ कळला आहे त्याच्यासाठी हा खेळ आहे. बाकीच्यांसाठी ती चार वजाबाक्यांची शिक्षा. आपण तो पुस्तकात घालणार असाल तर त्याआधीच्या दोन इयत्तांत काय झालं आहे ते बघून घाला.

दुसरीचं पुस्तक पुन्हा छापायला जाण्याआधी ही पानं दोन-तीन तालुक्यांतल्या थोड्या शाळांत सुट्या कागदांवर देऊन पाहावीत, आणि सत्राच्या शेवटी मुलांपुढे सोळा चिंचोके ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. ज्या शाळांत ही पानं दिली नाहीत तिथेही ठेवावेत, म्हणजे तुलना होईल. निकाल काय येईल तो येवो, पण तो शिक्षकांना कळवा. २०१९मध्ये आपल्या सगळ्यांजवळ मतं भरपूर होती आणि मुलांच्या हातातले चिंचोके कुणी मोजले नव्हते.

कळावे,
आपली,
एक प्राथमिक शिक्षिका